काळी पडलेली पट्टी

कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हातावर कढईतलं तेल उडालं होतं. आज नर्सने पट्टी सोडली, तर ती आतून काळीकुट्ट आणि कातडीवरही काळे डाग! मावशी घाबरून ओरडल्याच.

“सडला गं माझा हात! आता कापणार का?”

“काहीतरीच काय, मावशी! या पट्टीत चांदी असते. ती जंतू मारते आणि जखमेच्या पाण्याने काळी पडते.”

नर्सने ओल्या बोळ्याने डाग हलकेच पुसले. खाली नवी, गुलाबी कातडी होती. मावशींनी भीतभीत मूठ मिटून पाहिली. मिटली.

“इतक्या वर्षांनी अंगावर चांदी चढली, तीही काळी!” असं म्हणत त्यांनी नव्या पट्टीसाठी हात पुढे केला.