मामाचे पाय

धाकट्याचं ठाम मत होतं की मामाला पाय नाहीत.

चार वर्षांच्या आयुष्यात त्याने मामा पाहिला होता तो फक्त फोनवर, आणि फोनमधला मामा पोटापर्यंतच असायचा. पांढरा ॲप्रन सुरू झाला की फोन संपायचा. मामा मालवाहू जहाजावर आचारी होता. त्याला सुट्टी मिळायची तेव्हा घर जगाच्या दुसऱ्या टोकाला असायचं, आणि जहाज घराजवळून जायचं तेव्हा सुट्टी नसायची. "पाय नाहीत तर तो उभा कसा राहतो रे?" असं सात वर्षांच्या ताईने विचारलं की धाकट्याकडे उत्तर तयार असायचं. "त्याला कुणीतरी ओट्यावर ठेवतं."

घरात सगळे हसायचे. आईही हसायची, पण मग काहीतरी काम काढून आत जायची. तिने तिच्या दादाला शेवटचं समोर पाहिलं तेव्हा ही ताई रांगत होती.

म्हणून परदेशातल्या त्या हॉटेलात, शेवटच्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला तेव्हा तिच्या हातातला पाव बशीत पडला.

"ठमे, तू समुद्राकाठीच उतरली आहेस ना? अगं, वादळामुळे आमचं बंदर बदललं. तुझ्याच किनाऱ्यावर आहे मी, जरा वरच्या बाजूला. चारला निघतोय. गेटपर्यंत यायची परवानगी काढली आहे. जमेल?"

"येते," ती म्हणाली. कशी, ते तिलाही माहीत नव्हतं. तिने समोर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अख्खी गल्ली त्याला 'सर' म्हणायची आणि बायकोही सरच म्हणायची, कारण लग्नाआधी ती त्यांच्याकडेच गाडी शिकली होती. लग्न झालं आणि घरची गाडी सरांनी ताब्यात घेतली ती घेतलीच. तिचं लायसन्स तेव्हापासून पार्सलवाल्याला ओळखपत्र म्हणून दाखवण्याच्या कामी येत होतं. ही परदेशवारी म्हणजे टायर कंपनीच्या लकी ड्रॉमधलं बक्षीस, आणि सरांनी तिचा बेत पक्का केला होता: पोहण्याचा तलाव, फुकटचा नाश्ता, हॉटेलाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तीन दिवस तो बेत तंतोतंत पाळला गेला होता.

"बस?" सरांनी विचारलं.

"एकच असते. सकाळी गेली."

सरांनी चहा संपवला, तोंड पुसलं आणि उठून उभे राहिले. "चल. भाड्याने गाडी घेऊ. अडीच तासांचा तर रस्ता आहे. मी असताना काळजी कसली?"

काळजी होती ती गाडीच्या काउंटरवर बसली होती. परदेशात गाडी चालवायचा परवाना टायर कंपनीच्या माणसाने दोघांच्याही नावाने आधीच काढून दिला होता. काउंटरवरच्या मुलीने तो पाहिला, गोड हसली आणि मूळ लायसन्स मागितलं. सरांनी पाकीट उघडलं. मग दुसरा कप्पा. मग तिसरा. मग ते पाकिटाकडे न बघता बायकोकडे बघू लागले.

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"भिंतीवर," सर हळूच म्हणाले.

खरंच भिंतीवर होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, टेबलामागे, काचेच्या फ्रेममध्ये. शिकवणारा स्वतः पास झालेला आहे, हे येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून सरांनी हौसेने लावलेलं. आयुष्यभर लोकांना 'कागदपत्रं जवळ ठेवा' म्हणून सांगणारा माणूस स्वतःचं लायसन्स खिळ्याला टांगून परदेशात आला होता.

आईने पर्समधून आपलं लायसन्स काढून काउंटरवर ठेवलं. ते इतकं कोरं होतं की त्या मुलीने ते खरं आहे का म्हणून दोनदा उलटून पाहिलं. गाडी हातात येईपर्यंत बारा वाजून गेले होते.

तिथे स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे सरांची हक्काची जागा गेली बायकोकडे, आणि सर बसले उजवीकडे, जिथे त्यांचे विद्यार्थी बसतात. फरक इतकाच की विद्यार्थ्याच्या हातात निदान स्टिअरिंग असतं.

"सगळं उलटं आहे हं इथे," सरांनी बजावलं. "तुला शिकवलं त्याच्या बरोब्बर उलटं."

"मग येईल मला," ती म्हणाली.

फोनवरचा नकाशा सुरू केला तशी त्यातली बाई बोलू लागली: सरळ जा, मग डावीकडे वळा. सरांनी तिचं ऐकून घेतलं ते दोन वळणांपुरतं. तिसऱ्याला तिने त्यांच्याआधी तोंड उघडलं, आणि सरांनी तिचा आवाज बंद करून टाकला. "एका गाडीत दोन मास्तर नकोत. रस्ता मी सांगतो."

आणि सांगू लागले. रस्ता कमी, बाकीचंच जास्त. "आरसा बघ. बघितलास? मी सांगितल्यावर बघितलास, म्हणजे बघितला नाहीस. क्लच हळू. हळू म्हणजे हळू. तो ट्रक दिसतोय ना?" ट्रक चांगला आगगाडीएवढा होता, आंधळ्यालाही दिसला असता. पण त्याहून त्रासाचा होता तो सरांचा उजवा पाय. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. इथे नुसतं पायपुसणं होतं. तरी दर वळणाला सर ते पायपुसणं जिवाच्या आकांताने दाबत होते. मागे मुलांना आयता खेळ मिळाला. बाबांचा पाय आपटला की दोघं पुढे झुकून ओरडायची, "कच्च!"

"सर, तिथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे."

"मग काय दाबताय?"

"सवय आहे गं. बघ पुढे."

तिचे हात सुरुवातीला घामाने निसटत होते. मग एका मोठ्या वळणावर गाडी आपसूक वळली, आणि ती आपणच वळवली हे तिला नंतर कळलं. सुख झालं. पण ते कुणाला सांगणार? शेजारी पाय आपटत होता.

वाटेत धाकट्याला शू लागली. गाडी थांबवली ती नेमकी वाळूपाशी. वाळू दिसल्यावर त्याची मूळ निकड मागे पडली आणि तो पाण्याकडे सुटला. त्याला पकडून, वाळू झटकून, कोंबून गाडीत बसवेपर्यंत त्याच्या डाव्या पायातली चप्पल लाटेबरोबर निघून गेली होती. तिच्यासाठी त्याने जो गळा काढला, तो मावळायला पुढची तीन गावं लागली. या सगळ्यात बराच वेळ गेला. आई घड्याळ बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

धाकटा रडून थकला. ताई खिडकीला डोकं टेकून गप्प झाली. समुद्र सरांच्या खिडकीतून चमकत होता. आणि आईच्या लक्षात आलं की बराच वेळ पाय आपटलेला नाही. तिने तिरक्या नजरेने पाहिलं.

सर झोपले होते.

गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असताना सरांचा डोळा कधी लागला नव्हता. विमान उतरतानासुद्धा त्यांनी पाय दाबून धरला होता. आणि आता तोंड उघडं टाकून, मान एका अंगाला कलंडून, छातीवर फोन ठेवून ते घोरत होते. तिच्या गाडीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिचं कधी कौतुक केलं नव्हतं असं नाही, पण हे त्या सगळ्याच्या वरचं होतं. तिला ते मोडवेना. रस्ता तर सरळ आहे, ती मनात म्हणाली. समुद्र उजव्या हाताला आहे, बंदर समुद्राला लागून आहे, चुकणार कुठे? तिने काच थोडी खाली केली आणि मनाजोगती गाडी चालवली. मोकळी, छान, कुणाची परीक्षा नसल्यासारखी.

सरांच्या छातीवरून फोन घसरून मागे पडला. ताईने तो उचलला.

"आई, तो निळा बाण आहे ना, तो रेघेवर नाहीये. रेघ तिकडे डोंगरात गेलीये."

आईने गाडी कडेला घेतली. जवळचा रस्ता मागेच आत वळला होता, आणि ती प्रत्येक टेकाडाला वळसा घालत किनाऱ्याकिनाऱ्याने आली होती. आवाज बंद केलेली बाई बिचारी केव्हापासून मुक्याने वळा वळा म्हणत असणार. चार वाजायला आले होते.

"सर!"

सर दचकून जागे झाले, आणि डोळे उघडायच्या आधी त्यांचा पाय आपटला. मागून झोपाळू आवाजात "कच्च" आलं. पण या वेळी आई हसली नाही.

"सहा वर्षांत मी त्याला पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "आज तो हाकेच्या अंतरावर आहे, आणि तुम्ही त्या बाईचं तोंड बंद करून झोपलात!"

"अगं, मग मला उठवायचं ना."

"कशी उठवू? माझ्या गाडीत पहिल्यांदा झोपला होतात तुम्ही!"

हे बोलली आणि तिला रडूच आलं. चूक तिचीही होती, हे कळत होतं म्हणून जास्तच आलं.

सरांनी ताईकडून फोन घेतला आणि नकाशातल्या बाईचा आवाज पूर्ण मोठा केला. मग बूट काढले, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि पट्टा सावरत चक्क मांडी घालून बसले. पाय खाली पोचायलाच नकोत.

"चल," ते म्हणाले. "तुला येते तशी चालव."

तिने डोळे पुसले आणि गिअर टाकला. पुढच्या रस्त्यावर गाडीत फक्त ती बाई बोलत होती. सरांनी एकदा तोंड उघडलं होतं, पण ते जांभईसारखं करून मिटून घेतलं.

बंदराच्या क्रेन दिसू लागल्या तेव्हाच फोन वाजला.

"ठमे, शिडी वर घेतली गं." दादाचा आवाज घाईत होता. "आता गेटवर येऊन उपयोग नाही. ऐक. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला लांब भिंत घातली आहे, टोकाला दिवा आहे. तिथे ये. आम्ही तिला खेटूनच बाहेर पडतो."

भिंतीवर गाडी जाते तिथवर तिने गाडी नेली. पुढे खांब रोवले होते. सरांनी धाकट्याला खांद्यावर टाकलं आणि मोज्यांवरच धावत सुटले. ताई सगळ्यांच्या पुढे. आई फोन कानाला लावून मागून, केस तोंडावर, पर्स काखेत, धापा टाकत.

जहाज आलं ते एखादी इमारत चालत यावी तसं. वरती, मागच्या टोकाला, एक पांढरा ॲप्रन दिसला. दादा. केस किती पिकले होते! फोनमध्ये ते कधी कळलंच नव्हतं. चांगला गोल झाला होता, स्वतःचं खाऊनच असणार. त्याने दोन्ही हात वर केले. तिनेही केले. दोघांच्या कानाला फोन टेकलेला राहिलाच नाही, आणि तो परत टेकवल्यावर काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. सहा वर्षांचं साठलेलं होतं आणि जहाज थांबणार नव्हतं.

"बघ!" सरांच्या खांद्यावरून धाकटा विजयाने ओरडला. "नाहीयेत पाय!"

खरंच, कठड्याला सरळ लोखंडी पत्रा होता. मामा इथेही पोटापर्यंतच होता.

आईला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "दादा," ती फोनमध्ये म्हणाली, "तुझा भाचा म्हणतो तुला पाय नाहीत. पहिल्यापासून म्हणतो."

मग दादा कठड्यामागे दिसेनासाच झाला. काहीतरी जड फरफटत आणल्याचा आवाज फोनमध्ये आला. आणि मग तो वर आला, सबंध. पालथ्या घातलेल्या मोठ्या पातेल्यावर उभा, एक हात दोरीला, चौकड्यांची विजार, रबरी चप्पल. त्याने एक पाय उचलून हवेत हलवला.

धाकट्याने मान लांब करून पाहिलं.

"दुसरा?" त्याने खात्रीसाठी विचारलं. मामाने पाय बदलला.

धाकट्याने आईच्या हातातला फोन ओढून घेतला. त्याचा चेहरा कधी नव्हे इतका गंभीर झाला होता. इतके दिवस त्याने मामाला काही विचारलं नव्हतं. पाय नसलेल्या माणसाला काय विचारणार?

"मामा, तुला पाय आहेत," तो म्हणाला. "मग तू घरी का येत नाहीस?"

सर खाली बघू लागले. ताईने आईचा हात धरला. पातेल्यावरचा माणूस एका पायावर तसाच उभा राहिला, दुसरा खाली ठेवायचं विसरून.

"येतो रे," फोनमधून आलं. "या खेपेला उतरलो की पहिला घरी येतो. नक्की येतो."

"चालत ये," धाकटा म्हणाला आणि फोन परत देऊन टाकला.

जहाज दिव्याला वळसा घालून बाहेर पडलं. लहान होत गेलं तरी तो पांढरा ॲप्रन पातेल्यावरून उतरला नाही. आई हात हलवतच राहिली, तेव्हा सरांनी फोन तिच्या हातातून घेतला आणि घसा साफ केला.

"दादा," ते म्हणाले, "आता उतरा. पण सावकाश. आणि आधी मागे बघा."