भिंत चढलेली पिशवी

मी पिशवी बोलतेय. पिशवी कधी बोलते का, म्हणून तोंडाचा आ करू नकोस, माशी जाईल. हिंमत असेल तर ठेव विश्वास, नसेल तर राहू दे. मी भिंत चढलेय. तुला जमलंय कधी?

जेवण पोचवणाऱ्यांच्या पाठीवर ती चौकोनी पेटीसारखी असते ना, तीच मी. बाहेरून लाल, आतून चंदेरी. मला शिवणारी बाई जांभया देत होती, म्हणून माझी चेन जन्मापासून वाकडी. शिक्षण म्हणशील तर अंगावर कंपनीचं नाव छापलंय, तेवढीच अक्षरं येतात. तीही उलटी, कारण मी आतून वाचते.

पहिला मालक ऐदी. मला उशाला घेऊन झोपायचा. शेवटी कंटाळला आणि मला मारलं बहिणीच्या गळ्यात. ती कामाला जायची तो कारखाना नुकताच बंद पडला होता. घरात ती आणि सासू, कमावणारी ही एकटी. हिला सगळे धाकटी म्हणतात. पन्नाशी आली, गुडघे कुरकुरतात, तरी धाकटीच!

धाकटीनं मला आधी उन्हात वाळवलं, मग आतून पुसलं, मग म्हणाली, "हे बघ, सांडलंस तर याद राख." मला पहिल्यांदाच कुणीतरी माणसात आणलं. तेव्हापासून मी हिची. दुसऱ्या कुणी हात घातला की चेनमध्ये बोट धरते. गंमत म्हणून.

आता त्या भिंतीचं ऐक. कालव्याच्या बाजूला एक इमारत आहे. पूर्वी तिचं दार कालव्याकडे होतं. तिथं पाणी तुंबायचं, म्हणून लोकांनी ते दार बुजवून भिंत बांधली आणि नवं दार काढलं पलीकडच्या रस्त्यावर. सगळ्या जगाला कळलं. मोबाइलमधल्या कंपनीच्या अ‍ॅपला सोडून.

धाकटी पहिल्यांदा गेली तेव्हा मोबाइल म्हणाला, 'तुम्ही पोचलात.' समोर भिंत! धाकटीनं स्कूटर वळवली, पुलावरून फेरा मारून दाराकडे निघाली. तर हा मेला ओरडतो, 'तुम्ही ग्राहकापासून दूर जात आहात.' आणि ऑर्डर रद्द. थांबलं तर ग्राहक भेटत नाही, हललं तर ऑर्डर पळते. इकडे आड, तिकडे विहीर.

वर दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई. पाय प्लास्टरमध्ये, स्वयंपाकाची सोय नाही. भुकेच्या तडाख्यात तिनं तक्रार ठोकली. अ‍ॅपनं धाकटीला कळवलं, 'चूक मान्य करा, नाहीतर काम बंद.' खाली एकच बटण: 'माझी चूक झाली.' दुसरं बटणच नाही!

धाकटी तशीच भिंतीपाशी परत आली आणि तिनं मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, तुम्ही दारासमोरच उभ्या दिसताय."

"अहो, मी भिंतीसमोर उभी आहे."

"आमच्याकडे दार दिसतंय."

"मग तुम्हीच या आणि वाजवा बेल!"

वरून हसण्याचा आवाज आला. नर्सबाई गॅलरीत काठीवर रेलून ऐकत होती. "अगं, तूच का ती? मला वाटलं, माझं जेवण तू खाल्लंस!"

"खाल्लं असतं तर एवढी बोंबलले असते का?"

"थांब गं बाई, आत्ता तक्रार मागे घेते." घेतली. म्हणजे बटण दाबलं. अ‍ॅप म्हणालं, 'तुमची तक्रार नोंदवली, धन्यवाद.' पुन्हा दाबलं. पुन्हा धन्यवाद. बिचारीनं तक्रारींचा ढीग लावला आणि सगळा आला धाकटीच्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण बाई खमकी. कपडे वाळत घालायची दोरी सोडली खाली. धाकटीनं माझ्या पट्ट्यात गाठ मारली, आत बाईचंच सूप, अजून गरम. आणि मी निघाले वर! अर्ध्यात गेले तर खालचा माळी ओरडतो, "अहो, पिशवी उडाली!" मी मुद्दाम एक गिरकी घेतली. सूप मात्र सांडलं नाही हां. शब्द म्हणजे शब्द.

सूप पोचलं. बटण मात्र होतं तिथंच. ते दाबल्याशिवाय पुढची ऑर्डर मिळेना.

सासू म्हणाली, "दाब की गं. एक बोट लावायला काय जातंय? चूल पेटायला नको?"

धाकटीनं मोबाइल हातात घेतला. चूल पेटायला हवीच होती. मग तिनं तो पालथा ठेवला. "आई, उपाशी राहीन, पण न केलेली चूक केली म्हणणार नाही. बोट माझं आहे."

सासूनं तिला चार गोष्टी सुनावल्या. मग तिच्या पुढ्यात ताट सरकवलं.

काम बंद झालं. कचेरीतून निरोप आला, पिशवी जमा करा. म्हणजे मी! धाकटी मला घेऊन गेली. टेबलामागे टाय लावलेले साहेब. त्यांनी हात पुढे केला.

"देते," धाकटी म्हणाली. "आधी लिहून द्या, त्या भिंतीला दार आहे म्हणून."

"मॅडम, नकाशात तर आहे..."

"मग लिहा की. सही करा. उद्या कुणाचं डोकं आपटलं तर कागद दाखवायला बरा."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. मग रागानं मला ओढलं. आता चेन वाकडी, टाय लांब, माझा काय दोष? टाय अडकला. साहेब वाकले ते वाकलेच! रांगेतले सगळे पोचवणारे खो खो हसायला लागले. एकानं तर विचारलं, "साहेब, नमस्कार कुणाला करताय?"

धाकटीनं शांतपणे टाय सोडवला. साहेब लालेलाल. "घेऊन जा ती पिशवी!"

काम परत मिळालं नाही. खोटं कशाला सांगू? पण नर्सबाईनं अख्ख्या इमारतीला धाकटीचा फोन नंबर वाटला. आता लोक तिलाच सांगतात, ती भटारखान्यातून जेवण आणते. धंदा बेताचा, मान ताठ. कंपनीचं नाव तिनं ब्लेडनं खरवडून काढलं, तेव्हा गुदगुल्या झाल्या. अक्षरं गेली, मी पुन्हा अडाणी झाले. माझा तळ फाटलाय, कोपरे उसवलेत, पण कुणाची ताबेदार नाही.

तुझ्याही मोबाइलवर कधीतरी येईल तसलं बटण. चूक तुझी असेल तर दाब बापडं. नसेल तर बोट आवर, मग तो कितीही ओरडू दे.

झालं, संपलं. चल, नीघ आता. असा वाटेत उभा राहिलास तर सूप गार होईल, आणि बोलणी मला खावी लागतील.