शोधकर्त्याची मुलगी

आमच्या मुलीचं नाव इत्रिया. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं ही सिसिलीतली रीत. सासूबाई तेव्हा हयात होत्या, नाकावर माशी बसू देत नव्हत्या. दुसरं नाव सुचवायची माझी काय बिशाद!

माझा नवरा गास्पारे दिवसा गावात औषधांचं दुकान चालवायचा आणि रात्री गच्चीवर दुर्बीण. आभाळ अडतं म्हणून त्यानं माझ्या कपड्यांच्या दोऱ्या दोनदा कापल्या. आभाळाच्या एकाच तुकड्याचे वीस-वीस मिनिटांनी तीन फोटो काढायचे आणि सकाळी एकापाठोपाठ एक बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका सरकतो तो लघुग्रह, आणि तो बहुतेक वेळा आधीच कुणीतरी शोधलेला निघतो.

१९९५ साली एका सकाळी इत्रिया कॉफीत बिस्कीट बुडवत ते फोटो बघत बसली होती. गास्पारेनं ते आधीच बघून बाजूला टाकले होते.

"पपा, हा बघ, मुंगीसारखा चाललाय."

"धूळ असेल."

"धूळ तिन्ही फोटोंत रांगेनं चालते का? आधी तुझा चष्मा पूस."

तो खरंच नवा लघुग्रह निघाला. गास्पारेनं अर्ज पाठवला, त्यावर शोधणारा म्हणून एकट्याचं नाव घातलं. "तुला काय, अख्खं आयुष्य पडलंय शोधायला," असं तिला म्हणाला. त्यानंतर ती पुन्हा गच्चीवर गेली नाही. तीन वर्षांनी चेफालूच्या रस्त्यावर तिची स्कूटर ट्रकखाली गेली. सव्वीस वर्षांची होती.

लघुग्रहाला लगेच नाव मिळत नाही. काही वर्षं तो पुन्हा पुन्हा दिसावा लागतो, मग नंबर आणि मग नाव. आमचा नंबर २००० साली आला. गास्पारे स्वयंपाकघरात नाव सुचवायचा कागद घेऊन बसला आणि त्यानं मला वाचून दाखवलं, "इत्रिया, शोधकर्त्याची मुलगी. वडिलांच्या कामात तिला रस होता."

"रस होता?" मी चिरायला घेतलेलं वांगं खाली ठेवलं. "शोधला कुणी तो? खरं लिही."

"खरं लिहिलं तर तिचं नाव देता येत नाही. शोधणाऱ्याचं नाव त्याच्याच शोधाला द्यायचं नाही, असा नियम आहे. एक तर शोध तिचा, नाहीतर नाव तिचं." मग खाली बघत म्हणाला, "नुन्झिया, तू सांग. मी काय करू?"

"पाच वर्षांपूर्वी विचारायचं होतंस."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण माझंही दुखणं होतं. इत्रिया गेल्यापासून गावात माझ्यासमोर तिचं नाव कुणी घेत नव्हतं. बाजारात मी आले की बायका विषय बदलायच्या. मला ते नाव लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं, त्यासाठी जीव तुटत होता. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "नाव दे."

२००१च्या एक जानेवारीला आम्ही पालेर्मोला गेलो. दोनशे वर्षांपूर्वी याच दिवशी, याच शहरात एका धर्मगुरूला पहिला लघुग्रह दिसला होता. त्याला सेरेस नाव दिलं. हौशी आकाशनिरीक्षकांनी त्याचा सोहळा ठेवला होता. सेरेस म्हणजे आपल्या बेटाची धान्यदेवी, असं वक्ता सांगत होता. तिची लेक पाताळात पळवून नेली, ती लेक सहा महिने वर यायची आणि सहा महिने खाली राहायची. मला त्या देवीचा हेवा वाटला, रागही आला. अर्धं वर्ष तरी तिला मिळत होतं.

मग वक्त्यानं आमचा कागद वाचला. "इत्रिया," तो माइकवर मोठ्यांदा म्हणाला. दोनेकशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. गास्पारे उभा राहिला, पण मान काही वर करेना. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते, अभिनंदन करत होते.

शेजारच्या खुर्चीतली बाई माझ्याकडे वळली. "पोरगी नशीबवान हो. बापानं शोधलं आणि नाव तिचं दिलं. बापाचा फार जीव असणार तिच्यावर."

गास्पारेनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगते, याची तो वाट बघत होता.

"हो," मी म्हणाले. "फार जीव होता."

तेवढं एक खरं होतं, आणि तेच माझ्या घशाखाली उतरेना.