ओटीतला सेन्सर

हातात स्टिअरिंग आलं की सयाजीरावांच्या अंगात येत असे, हे रंभाबाईंना चांगलं ठाऊक होतं. गेल्या नवरात्रात करमाळ्याच्या कमलाभवानीला ओटी घेऊन निघाले असताना मोहोळच्या पुढं उदयसिंहची, म्हणजे रंभाबाईंच्याच भावाची, नवी गाडी पुढं गेली. मेव्हणा पुढं जातो म्हणजे काय? सयाजीरावांनी दाबलेला पाय इंजिन धूर ओकेपर्यंत काढला नाही. रंभाबाई ओटीचं ताट मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसल्या आणि देवीची ओटी तशीच जुळे सोलापुरात परत आली. ती गोष्ट त्यांना वर्षभर टोचत होती.

यंदा खंडेनवमीला सिद्धाप्पा मिस्त्रीनं इंजिन नव्यानं बांधून तयार ठेवलं. गॅरेजात पान्यांची पूजा मांडली होती, आणि ती झाली की इथूनच करमाळ्याला निघायचं होतं. टर्बोचा एक सेन्सर तेवढा हातानं दाबून बसवायचा राहिला होता. तोही धुऊनपुसून पान्यांशेजारी झेंडूत ठेवलेला.

"पयलं हजार किलोमीटर रेटायचं न्हाय बगा सायेब," सिद्धाप्पा सांगत होता. "बाळंतिणीवानी जपायचं."

सयाजीराव व्हय व्हय म्हणत होते, पण त्यांचा उजवा पाय आत्तापासूनच हलत होता. हळदकुंकू वाहता वाहता रंभाबाईंनी सहज विचारलं, हे काळं खारकेएवढं काय आहे? सिद्धाप्पा म्हणाला, टर्बो किती हवा ढकलतोय ते हा इंजिनाला कळवतो. हा नसला तर गाडी भेदरते, चालते पण पळत नाही.

रंभाबाईंना एवढंच हवं होतं. आरती संपून सगळे नमस्काराला वाकले, तेवढ्यात सेन्सर त्यांनी बरोबर आणलेल्या ओटीच्या ताटातल्या खारकांत जाऊन बसला.

मग शोधाशोध सुरू झाली. झेंडू झटकले, खिसे उलटे केले, उंदरावर आळ आला. सिद्धाप्पा तर सणासुदीला तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणून खजील झाला, आणि ते बघून रंभाबाईंना मनापासून वाईट वाटलं. ओटीच्या ताटाला मात्र कुणी हात लावला नाही. देवीची ओटी चाचपायची कुणाची टाप? दुकानं बंद, पूजेतला पाना दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. शेवटी सिद्धाप्पानं भोकाला रबरी बूच हातानंच ठासलं आणि बेतानं चालवाल तर पोचाल म्हणाला.

गाडी निघाली. मीटरवर पिवळा दिवा पेटलेला. पाय दाबला की गाडी खाकरायची आणि होती तशीच चालायची. सोयाबीनचा टेम्पो पुढं गेला, कडब्याचा ट्रॅक्टर बराच वेळ बरोबरीनं आला. देवीलाच निघालेला उदयसिंह हॉर्न वाजवत, हात हलवत निघून गेला. सयाजीरावांचा चेहरा इतका पडला की रंभाबाईंचा हात दोनदा खारकांपर्यंत गेला. पण मोहोळ मागं पडलं आणि ती बाभळ दिसली. गाडी तिला मागं टाकून सुखरूप पुढं गेली तेव्हा त्यांनी हात आवरता घेतला.

देवळात शिरण्याआधी सेन्सर काढून पदरात बांधायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण रांगेत रेटारेटी झाली आणि पुजाऱ्यानं ताट हातातून घेऊन देवीपुढं रितं केलं. खण, नारळ, तांदूळ, खारका आणि सेन्सर. शेजारी हात जोडून उभे असलेले सयाजीराव बघतच राहिले.

पुजाऱ्यानं सेन्सर फिरवून पाहिला, त्याला कुंकू लावलं आणि नारळाच्या भकलाबरोबर सयाजीरावांच्या ओंजळीत टाकला. देवीचा प्रसाद आहे, जपून ठेवा, म्हणाला. रंभाबाईंनी मान वर केली नाही. ओटी पोचली होती, आता काय बोलणी बसतील ती बसोत.

बाहेर उदयसिंह थांबलाच होता. "परतीला बगू की, दाजी," तो हसत म्हणाला. "काय गावलं परसादात?"

सयाजीरावांची मूठ मिटलेली होती. सेन्सर हातानं बसत होता, बॉनेट उघडायचाच काय तो अवकाश.

"खारीक," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी मूठ रंभाबाईंच्या ओटीत रिकामी केली आणि रस्त्याकडं बघतच म्हणाले, "हजार किलोमीटर हूस्तवर तुज्यापाशीच ठेव. मी मागितला तरी देऊ नगंस."