लेक कुणाची

बेगिमाय जन्मली आणि सालकीनच्या सासूच्या ओटीत गेली. पहिलं नातवंड आजीनं वाढवायचं, ही तिकडची रीतच. सालकीन राजधानीत, बिश्केकला, शिवणकारखान्यात मशीन चालवायची. लेक गावात आजीला ‘अपा’ म्हणजे आई म्हणायची, आणि जन्मदात्रीला ताई. आठ वर्षं सालकीन हे ऐकत होती आणि आतल्या आत जळत होती.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यात बेगिमायच्या वजनाचा काटा सत्तेचाळीस किलोवर थांबला.

“रक्तदाबही वाढलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोड चहा, तळलेले पिठाचे बोरसोक कमी करा. रोज तासभर चालवा. आणि पथ्य एकट्या पोरीला नाही, सगळ्या घराला.”

सासूची, बुरुल अपांची, मान खाली गेली. सालकीनला वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या.

“लाडानं वाटोळं केलंत पोरीचं,” ती फणकारली. “आता मी नेते तिला.”

शहरात बेगिमाय भिंतीकडे तोंड करून निजायची. उकडलेल्या भाजीची ताटली ढकलून द्यायची. “अपा कधी येणार?” एवढंच विचारायची. तिसऱ्या आठवड्यात सालकीननं हळूच चॉकलेट पुढं केलं. पोरगी मांडीवर येऊन बसली, आयुष्यात पहिल्यांदा. मग रोज चॉकलेट आलं, खिमा भरलेले सामसे आले.

दोन महिन्यांनी वजन भरलं पन्नास.

अपा भेटायला आल्या. चहात साखर नको म्हणाल्या. “घरातनं साखरच काढून टाकलीय. रोज टेकडीपर्यंत जाऊन येते. ही आली की बरोबर चालता यायला हवं ना!”

सालकीनच्या मनात आलं, म्हातारी इथंही पुढं! आणि ती एकदम बोलून गेली, “चॉकलेटं मी दिली तिला. माझ्याजवळ यावी म्हणून.”

अपांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग मी काय वेगळं केलं, पोरी? तुझ्या कुशीतनं उचलून आणली, तर ही रडरड रडायची. घास भरवला की गप्प व्हायची. आठ वर्षं भरवत राहिले.”

बेगिमाय गावी, अपांच्या बिनसाखरेच्या घरी परतली. दर शनिवारी सालकीन जायची आणि तिघी टेकडी चढायच्या. वर्षभरात पोरीची उंची वाढली, वजन मात्र पन्नासावरच राहिलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

अर्ध्या वाटेवर अपांचा गुडघा धरायचा. त्या दगडावर टेकायच्या आणि पुढची चढण मायलेकींचीच असायची. सालकीनला त्याचा आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची लाजही वाटायची.