आपला आवाज स्वच्छ येतो आहे

मार्गशीर्षातली सकाळ. हिरण्यकेशीच्या डोहावर शुभ्र, शीतल, संथ धुकं. पैलतीरी उसाचे रुपेरी तुरे, ऐलतीरी घनसाळ भात कापून नेल्यावर उरलेली पिवळी, रिती शेतं. पूर्वेचं कोवळं केशरी ऊन आधी आंबोलीकडच्या डोंगरमाथ्यांना लागलं, मग काजूच्या बागांना, मग आजऱ्याच्या कौलांना. रविवार होता आणि आठ वाजत आले होते.

रविवारी आठला हजेरी असे. सह्यकडा हौशी रेडिओ मंडळाचे सभासद आपापल्या घरी, आपापल्या यंत्रापुढे बसत. कुणी गडहिंग्लजला, कुणी बेळगावला, कुणी खाली रत्नागिरीला. मध्ये ना तार, ना दोर. नुसतं निळं, निराकार, निःशब्द आकाश. संचालक एकेकाचं नाव पुकारी, आणि ज्याचं त्याचं उत्तर त्या आकाशातून उतरून येई. संचालक होते अप्पा शिंत्रे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले.

आणि काय त्यांचा आवाज, महाराज! मृदू, मंद्र, मधाळ. सामानगडावरच्या शिबिराची बातमी ते सांगत, शाळेतल्या पोरांना दाखवलेल्या प्रयोगाची सांगत, फिनलंडहून कुणाचं तरी पोचपत्र आलं त्याची सांगत; आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, आधी विचारत, ‘चहापाणी झालं का?’ बेळगावच्या सबनीसांची गुडघेदुखी त्यांना ठाऊक. रत्नागिरीच्या खोतांच्या नातीचे दात त्यांना ठाऊक. चार जिल्ह्यांतली माणसं म्हणत, आमचे अप्पा म्हणजे मायेचा झरा.

झरा खरा. पण घराकडे पाठ करून वाहणारा. खोलीचं दार लागलं की आत अमृतवर्षा, आणि दार उघडून बाहेर आले की ‘मीठ कमी’, ‘पंचा कुठाय’, ‘हं’. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही.

घरची म्हणजे सुनीतीबाई. लग्नात अप्पांनी ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने हे नाव लिहिलं, पाहुण्यांनी पेढे खाल्ले, आणि माहेरची कुमुद त्या तांदळांतच राहिली. नवं नावही त्यांनी फारसं वापरलं नाही. ‘अगं’ होतं; तेवढ्यावर भागत होतं. तीस वर्षं भागलं.

खोलीच्या दाराबाहेर ती गहू निवडत बसे, भाजी चिरत बसे, आणि आतला आवाज ऐके. नवऱ्याचं लाघव तिला असं भिंतीआडून कळलेलं. राग यायचा तिला, आणि लाजही वाटायची की आपण परक्यांच्या वाटणीचं ऐकतो आहोत. तरी ती उठत नसे.

मग तो महापूर आला. वेदगंगा काठच्या गावांत शिरली, रस्ते बुडाले, फोन मुके झाले, आणि मंडळाच्या यंत्रांवरून निरोप धावू लागले. अप्पा अहोरात्र खुर्चीवर. नदीकाठच्या एका गावात तिचा भाऊ होता, भावजय होती, अंथरुणाला खिळलेली आई होती. ती चहा नेऊन ठेवी आणि उंबऱ्याशी उभी राही. ते मान वर करत नसत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दाराबाहेरून ऐकलं. अप्पा सांगलीच्या कुणा अनोळखी माणसाला त्याच मृदू, मंद्र आवाजात त्या गावाचं नाव घेऊन सांगत होते, सगळी माणसं शाळेच्या माडीवर सुखरूप आहेत, आपण मुळीच काळजी करू नका, दोन घास खाऊन घ्या.

ती पदरात तोंड घालून रडली. सुटकेने रडली. संध्याकाळी ते जेवायला बसले, आता सांगतील म्हणून ती समोर बसून राहिली. ते ताक मागून घेऊन जेवून उठले. पुढे मंडळाचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. शाल तिने घडी करून कपाटात ठेवली.

त्या दिवसापासून तिच्या मनाने घेतलं. हा माणूस त्या यंत्राच्या पेटीतल्याचं ऐकतो, तर आपण पेटीत जावं.

मंडळाच्या चिटणीस शहनाजबाई मुल्ला, हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. दोन गल्ल्या सोडून घर. सुनीतीबाई त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, मला शिकवा, पण घरी कळायला नको. शहनाजबाई आधी हसल्या, मग तिचं तोंड बघून गप्प झाल्या. दुपारच्या वेळी शिकवणी चाले. लहरी आणि लांबी, विद्युत आणि वारंवारता, नियम आणि निषेध. मॅट्रिकनंतर वही न धरलेली बाई ते सगळं स्तोत्रासारखं पाठ करू लागली. परवान्याच्या सरकारी परीक्षेला कोल्हापूरला जायचं होतं. कुठे चाललीस म्हणून विचारलं तर काय सांगायचं, याची तिने आठवडाभर जुळवाजुळव केली होती. कुणी विचारलंच नाही.

परवाना आला तो शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने आला. कुमुद. ती अक्षरं तिने बोटाने चाचपून पाहिली. शहनाजबाईंनी सभासदांच्या नोंदीत नुसतं ‘कुमुद, आजरा’ एवढंच लिहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दोघी शाळकरी पोरींसारख्या हसल्या. तिला वाटत होतं, पहिल्याच शब्दाला ते ओळखतील. दचकतील. मग हसतील, चारचौघांत हसतील, आणि म्हणतील, अगं, तू?

एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता.

तर ती मार्गशीर्षातली सकाळ, आणि तो रविवार. तिने अप्पांच्या कोपराशी चहा ठेवला, दार ओढून घेतलं, आणि झपझप दोन गल्ल्या ओलांडून शहनाजबाईंच्या यंत्रापुढे येऊन बसली. नावं होत गेली. सबनीस झाले, खोत झाले. मग अप्पांनी विचारलं, कुणी नवीन आहे का? शहनाजबाईंनी तिच्या हातात माईक दिला.

‘मी कुमुद. आजऱ्याहून बोलते. पहिल्यांदाच बोलते आहे.’

आकाश क्षणभर निःस्तब्ध झालं. निळं, निराकार, निःस्तब्ध. तिने डोळे मिटून घेतले.

‘कुमुद, सुस्वागतम्! आपला आवाज स्वच्छ येतो आहे. अगदी शेजारून बोलल्यासारखा. घाबरू नका हं, इथे सगळी आपलीच माणसं आहेत. चहापाणी झालं का?’

यंत्र आवाजाची थोडी धार बदलतं, हे खरं. सर्दी झाल्यासारखा येतो, हेही खरं. पण म्हणून इतका? लग्नपत्रिकेवर छापलेलं नाव, तीस वर्षं एका छपराखाली वावरलेला गळा! मेलं, मांजरसुद्धा आपल्या माणसाची चाहूल ओळखतं. घरातला आवाज ओळखायला तो घरात कधीतरी ऐकावा लागतो, आणि अप्पांनी तो ऐकलाच नव्हता. शहनाजबाईंनी मान खाली घातली.

वाट बघत होती चार जिल्ह्यांतली माणसं.

‘नाही झालं,’ ती म्हणाली. ‘मला घरी कुणी विचारत नाही.’

‘अरेरे!’ अप्पांचा आवाज करुणेने ओथंबला. ‘घरच्या माणसांनी विचारायला हवं हो. आपण दर रविवारी येत जा. आम्ही विचारू.’

सबनीसांनी दुजोरा दिला. खोतांनीही दिला.

शहनाजबाई संतापाने लाल झाल्या होत्या. आत्ता जाते आणि त्यांना तोंडावर सांगते, म्हणाल्या. सुनीतीबाईने त्यांचा हात धरला. सांगून पटवलेली ओळख घेऊन मी काय करू, असं म्हणून तिने चपला घातल्या. रस्त्यावर ऊन कडक झालं होतं, धुकं विरलं होतं, आणि वाण्याच्या दुकानापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आमटीला कोकम संपलंय. तिने कोकम घेतलं.

दुपारी पान वाढलं. आणि नवल असं की अप्पा बोलले. आपण होऊन बोलले.

‘आज हजेरीला एक नव्या बाई आल्या होत्या. कुमुद म्हणून. इथल्याच आहेत.’

तिच्या हातातली पळी थबकली. ‘कशा वाटल्या?’

‘आवाजात फार गोडवा गं. पण दुःखी आहे बिचारी. घरी चहालासुद्धा कुणी विचारत नाही म्हणे.’ त्यांनी भाताचा घास कालवला. ‘काय एकेक नवरे असतात.’

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. कपाळावरची आठी, कानाजवळचे पांढरे केस, घासावर खिळलेले डोळे. ते डोळे वर आले असते तर तिने सांगितलं असतं. ते वर आले नाहीत. तिने विचारलं, भात वाढू? ते म्हणाले, हं.

पुढच्या रविवारी त्यांनी लवकर अंघोळ केली, केसांना तेल लावून भांग पाडला, आणि ठेवणीतला सदरा अंगात घातला. पेटीतून काही दिसत नाही, तरी घातला. सुनीतीबाई धुण्याची बादली घेऊन गच्चीवर गेली. शहनाजबाईंकडे ती गेली नाही. पुन्हा कधीच गेली नाही.

खालच्या खिडकीतून हजेरी वर येत होती. सबनीस झाले. खोत झाले. आणि मग तो मृदू, मंद्र, मधाळ आवाज आर्जवाने भरून आला.

‘कुमुद, कुमुद. आपण ऐकत असाल तर बोला. आम्ही वाट पाहतो आहोत.’

गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवर हातभर उंच त्यांच्या यंत्राची तांब्याची तार होती. तिथून ती हाक निघाली. तिच्या डोक्यावरून, केसांच्या चांदीवरून, ओल्या हातांवरून निघाली, आणि गेली बेळगावकडे, गेली रत्नागिरीकडे, गेली निळ्या, निराकार आकाशात दूर, दूर, दूर. चार जिल्ह्यांनी ऐकली. तिनेही ऐकली.

‘कुमुद,’ खालून पुन्हा आलं, ‘आपला आवाज येत नाही.’

तिने त्यांचा कालचा सदरा झटकला, बाह्या सरळ केल्या, उलटा करून दोरीवर टाकला. खाली ते उत्तरासाठी थांबले होते. आणि त्या थांबण्यात, त्या उन्हात, सदऱ्याच्या बाह्यांतून पाणी गळत राहिलं. थेंब, मग थेंब, मग थेंब.