रावेन्नाचं सपाट आभाळ

केतकीने हातातला कंदील डावीकडून उजवीकडे नेला आणि वर पाहिलं. छतावरचा एकही तारा लुकलुकला नाही.

इटलीतल्या रावेन्ना शहरातल्या पंधराशे वर्षांपूर्वीच्या समाधीमंदिराचं छत जपानमधल्या कावासाकी शहरातल्या एका प्रदर्शनात जसंच्या तसं उभं केलं होतं. निळ्या काचेच्या तुकड्यांचं आभाळ आणि त्यात सोनेरी तारे. अंधारात कंदील घेऊन फिरायचं आणि तारे चमकताना बघायचे, एवढ्यासाठी तर लोक येणार होते. थोड्याच वेळात पहिले पाहुणे येतील, आणि छत मात्र नव्याकोऱ्या बाथरूमसारखं दिसत होतं.

केतकीच्या मनात पाल चुकचुकली. मूळ छताच्या स्कॅनचा डेटा नीट करायचं काम तिच्याकडेच आलं होतं. त्यात काचेचा एकेक तुकडा वाकडा दिसायचा, एक इकडे कललेला, दुसरा तिकडे. स्कॅनरचा दोष समजून तिने सगळे एका पातळीत आणले. वाकडं दिसलं की सॉफ्टवेअरवाल्यांचे हात शिवशिवतातच! डेटा किती क्लीन म्हणून कौतुकही झालं, आणि यंत्राने तशाच काचा बसवल्या. आता तिने फोनवर मूळ छताचा व्हिडिओ लावला. कॅमेरा हलला की तारे पेटत होते, विझत होते. प्रकाश खेळावा म्हणून त्या कारागिरांनी काचा मुद्दाम तिरक्या बसवल्या होत्या. केतकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"नचिकेत, हे माझ्यामुळे झालंय," तिने टीममधल्या पुण्याच्या सहकाऱ्याला गाठून सांगितलं.

"हळू बोल! इथे कोण रावेन्नाला गेलंय? लाइटिंग ॲडजस्ट करू. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय, विसरू नकोस."

ती कसली विसरते! टोक्योत हिगाशी-कसाई भागातलं घर, लेकीची, आर्याची शाळा, सगळं त्या कॉन्ट्रॅक्टवरच. पुढच्या वर्षी आपण इथेच ना, असं आर्याने सकाळीच जपानीत विचारलं होतं, आणि केतकीने छातीठोकपणे "हो गं" म्हटलं होतं.

पण लोक नम्रपणे माना वर करतील, वा वा म्हणतील आणि ते जुने कारागीर असलंच काहीतरी निर्जीव करायचे असं समजून घरी जातील, हे तिला सहन होईना. शिवाय वाईट बातमी आधी सांगायची, हा तिच्या साहेबांचा, मोरिता-सानांचा पहिला नियम. नोकरी गेली तर गेली, असं स्वतःला बजावत ती दाराशी उभ्या असलेल्या साहेबांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

मोरिता-सान कंदील घेऊन आत गेले, छत बघून परत आले.

"कधी लक्षात आलं?"

"आत्ताच."

"बरं झालं, सांगितलंत."

बस, एवढंच. ती ओरडा खायची वाट बघत राहिली.

पाहुणे आले. पांढऱ्या केसांचे मोरिता-सान पुढे झाले. छत चुकीचं बनलं आहे, आज ते दाखवता येणार नाही, चूक माझी आहे, असं त्यांनी सांगितलं. केतकीचं नावसुद्धा घेतलं नाही. मग माफी मागत ते जपानी पद्धतीने कमरेतून वाकले आणि तसेच राहिले. केतकी पुढे धावली, तर त्यांनी पाठीमागे हात करून तिला थांबवलं.

नोकरीची भीती कुठल्या कुठे गेली. त्यांनी सगळ्यांसमोर झापलं असतं तरी परवडलं असतं. आता सरळ व्हा हो, सरळ व्हा, असं तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि मोरिता-सान सरळ होत नव्हते.